ओळखलं नाही, तरी भेटायला जायचं

लग्नाच्या हॉलमध्ये, तेराव्याच्या जेवणाला, दिवाळीच्या फोनवर हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं. ‘आता जाऊन तरी काय उपयोग? त्या कुणाला ओळखतच नाहीत.’ बोलणारं माणूस वाईट नसतं. ते हळहळून बोलत असतं, आणि ज्या काकूंबद्दल बोलतं त्यांच्या हातचं लहानपणी पोटभर जेवलेलं असतं. समोरचा मान डोलावतो. ‘हो ना, कोण येऊन गेलं तेही त्यांच्या लक्षात राहणार नाही,’ म्हणतो आणि बोलणं दुसऱ्या विषयाकडे वळतं. काकूंकडे जाणं मात्र तिथेच थांबतं.

मला हा हिशेब मान्य नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाने आपल्याला ओळखावं आणि आपली भेट लक्षात ठेवावी, तरच भेटायला जाण्यात अर्थ, ही अट आपण घातलेली आहे. ती त्या आजाराच्या स्वभावाशी जुळत नाही आणि नात्याच्याही नाही. त्यात मुंबईतली घरं, सोसायट्या आणि हॉस्पिटलं ज्या पद्धतीने चालतात, त्यामुळे ज्यांना जायचं आहे त्यांनाही जाणं अवघड झालं आहे. म्हणून एकेका कुटुंबाच्या चांगुलपणावर हा प्रश्न सोडून भागणार नाही.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज देशभरातल्या पाहणीवरून काढला गेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे प्रमाण जास्त आहे. आपल्या नात्यात, मजल्यावर किंवा जुन्या ऑफिसातल्या ओळखीत असं कुणीच नाही असं म्हणू शकणारी माणसं आता थोडीच सापडतील. आणि बहुतेक घरांतला क्रम तोच असतो. निदान झाल्याचं कळतं तेव्हा सगळे येतात, सफरचंदं आणि वेलची केळी घेऊन येतात, फोटो काढतात. पुढच्या गणपतीत थोडे कमी येतात. मग फक्त फोन, तोही सुनेला. शेवटी घरात उरतात ती सून किंवा मुलगी, सांभाळायला ठेवलेली ब्युरोची बाई आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही.

‘त्यांना काही कळत नाही’ हे कितपत खरं आहे? डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी साठ ते सत्तर टक्के लोकांना अल्झायमर असतो. त्यात मेंदूचा हिपोकॅम्पस नावाचा भाग लवकर झिजू लागतो. आत्ता घडलेलं साठवून ठेवण्याचं काम या भागाकडे असतं. त्यामुळे सकाळी चहा घेतला की नाही ते आठवत नाही, पण चौथीतल्या बाईंचं नाव आठवतं. हाताला बसलेली कामं, लहानपणी घोकलेले पाढे, आरत्यांच्या चाली यांची व्यवस्था मेंदूत निराळी आहे आणि ती बऱ्याच उशिरापर्यंत तग धरते. ज्या आजोबांना आजची तारीख सांगता येत नाही, त्यांच्यापुढे पावकी-निमकीचा, म्हणजे अपूर्णांकांच्या पाढ्यांचा, विषय काढून बघा. जुन्या मराठी शाळेतला माणूस असेल तर कित्येकदा अडीचकी, औटकीपर्यंत न अडखळता जातो.

भावना आणि आठवण यांचाही असाच वेगळा संसार असतो, हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका डॉक्टरच्या लक्षात आलं होतं. जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद यांच्याकडे एक बाई होत्या. त्यांची नव्या आठवणी साठवण्याची शक्ती गेली होती आणि रोज भेटणाऱ्या डॉक्टरांची त्यांना रोज नव्याने ओळख करून घ्यावी लागे. एकदा क्लापारेद यांनी बोटांच्या बेचक्यात टाचणी लपवून त्यांच्याशी हात मिळवला. नंतर पुन्हा हात पुढे केला, तेव्हा बाईंनी आपला हात मागे ओढला. टाचणी टोचली होती हे त्यांना मुळीच आठवत नव्हतं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, पण क्लापारेद यांनी १९११ मध्ये ही हकिकत लिहून ठेवली आणि ती अजून शिकवली जाते.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या गेल्या. थोड्याच वेळात त्यांना पाहिलेलं जवळजवळ काही आठवेना. चित्रफितीने जागी केलेली भावना मात्र अर्धा तास उलटला तरी मागे राहिली होती. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, दुःखी चित्रफीत ज्यांना सगळ्यात कमी आठवत होती, त्यांचं दुःख जास्त टिकलं. वाईट का वाटतंय हे माहीत नसेल, तर मनाची समजूत घालायलाही काही हाताशी राहत नाही.

हे समजून घेतलं की भेटीचा हिशेब बदलतो. आपण दोन तास बसून, हसून, डोक्याला तेल लावून निघालो, तर आपलं नाव आणि येणं विसरलं जाईल, पण दुपार बरी जाईल. सून सांगेल, ‘आज जेवल्या नीट.’ आणि आपण तिथे जाऊन वाद घातला, चूक काढली, परीक्षा घेतली, तर तेही विसरलं जाईल आणि संध्याकाळभर घरातले लोक ‘या एवढ्या का चिडल्यात’ म्हणत राहतील. ‘त्यांच्या काही लक्षात राहत नाही’ हा न जाण्याचा आधार होऊ शकत नाही. उलट, कसं जावं याबद्दल जास्त काळजी घ्यायला लावणारी ती गोष्ट आहे.

परीक्षा म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. दार उघडतं, चपला काढून होतात न होतात तोच पाहुणा पलंगापुढे उभा राहून विचारतो, ‘ओळखलंस का मला? सांग बघू कोण?’ हा प्रश्न आपल्याकडे इतका रुळलेला आहे की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. प्रश्न कानावर पडताच समोरच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं, कारण घरी आलेल्या माणसाकडे बघून हसायचं ही रीत अजून शाबूत असते. मग नजर सुनेकडे जाते. ओठ हलतात, शब्द येत नाही. पाहुणा थांबत नाही, ‘अगं, नीट बघ ना!’ म्हणतो. तोवर हात पदराशी चाळा करायला लागलेले असतात. एवढ्याशा वेळात त्या बाईला आपण नापास केलेलं असतं, तेही तिच्याच घरात. त्यापेक्षा समोर बसावं, डोळ्यांच्या पातळीला यावं आणि स्वतःच सांगावं, ‘मावशी, मी तुझी भाची, दादरहून आले.’ ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र आणि चष्मा लावलाय का तेवढं आधी बघावं. कित्येकांचं निम्मं ‘न ओळखणं’ तिथेच असतं.

दुसरी सवय म्हणजे डोक्यावरून बोलणं. माणूस समोर बसलेलं असतं आणि त्याच्यादेखत ‘रात्री झोपतच नाहीत, कपडे खराब करतात’ हे पाहुण्यांना सांगितलं जातं, पाहुणे ‘अरेरे’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला काम करणाऱ्या टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात आग्रहाने मांडलं की डिमेन्शियाच्या माणसाची घसरण सगळीच्या सगळी मेंदूच्या झिजेतून येत नाही. भोवतालची माणसं त्याला फसवतात, घाई करतात, लहान मुलासारखं वागवतात, तो नाहीच असं धरून बोलतात, आणि त्यानेही तो खचतो. किटवुड यांनी ब्रिटनमध्ये पाहिलेलं हे चित्र आपल्याकडच्या हॉलमध्ये जसंच्या तसं सापडतं.

माझी एक मावशी गोरेगावला मुलाकडे असते. कधी मी तिच्यासाठी तिची धाकटी बहीण असते, म्हणजे माझी आई, कधी शेजारीण, कधी कुणीच नाही. पहिली पाच-दहा मिनिटं गेल्यावर बोलायला काही उरत नाही, हे मलाही जाणवतं, आणि लोकांना भेट नकोशी वाटते ती बहुधा याच शांततेमुळे. म्हणून मी कापूस घेऊन जाते. ताटात कापूस ठेवला की तिचे हात आपोआप पुढे येतात. ती आधी सरकी वेचते. मग चिमूटभर कापूस तळहातावर पसरते, कडा आत घेते, वाटीतल्या दुधाचं बोट लावून टोक पिळते आणि फुलवात ताटाच्या कडेला उभी करते. सगळ्या वाती एका उंचीच्या होतात. माझी वात लवंडते. मावशी ती उचलते, मोडते आणि म्हणते, ‘अशी नाही, खाली बूड भरीव पाहिजे.’ मी कोण आहे हे तिला त्या क्षणी माहीत नसतं, पण तिला येतं ते मला येत नाही हे पक्कं माहीत असतं, आणि आवाजात जुना अधिकार असतो. त्या घरात इतर वेळी दिवसभर तिला कुणीतरी काहीतरी करायला सांगत असतं. या अर्ध्या तासात सांगणारी ती असते. भेटीला जाताना फळं नेण्यापेक्षा मेथीची जुडी न्यावी, निवडायला. कपड्यांच्या घड्या घालाव्यात. निवृत्त टेलर असेल तर कापडाचा तुकडा आणि टेप हातात द्यावा.

आता अवघड भागाकडे येते. मावशी विचारते, ‘हे अजून कसे आले नाहीत?’ काका जाऊन कितीतरी वर्षं झाली. काय सांगायचं?

खरं बोलावं, असं मानणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. माणूस आजारी झालं म्हणून त्याच्याशी खोटं बोलण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण ‘काका गेले, मावशी’ हे वाक्य तिच्यासाठी दर वेळी पहिल्यांदाच उच्चारलेलं असतं. ती त्याच क्षणी विधवा होते. बातमी दहा मिनिटांत विसरते आणि दुःख उरतं, कारण माहीत नसलेलं दुःख. तासाभराने ती पुन्हा विचारते आणि आपण पुन्हा तेच करतो. असं सत्य मला क्रूर वाटतं. ‘येतील संध्याकाळी’ हे उत्तर सोपं आहे, पण त्यानेही भागत नाही, कारण मग ती दाराशी जाऊन उभी राहते आणि संध्याकाळ वाट बघण्यात जाते. मला जमेल तिथे मी काकांबद्दल विचारते. ते ऑफिसातून आले की आधी काय मागायचे, डबा कसला न्यायचे, चिडायचे का. तिला काका हवे असतात, आणि बोलण्यातून ते थोडे मिळतात. दर वेळी साधत नाही. कधी ती रडते, तेव्हा शेजारी बसून राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

लालबागच्या एका घरातले आजोबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला आणि पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या, त्यालाही आता चार दशकं उलटून गेली. हे आजोबा दुपार कलली की उठतात आणि पाळी चुकेल म्हणून डबा मागतात. मुलगा समजावतो की गिरणी केव्हाच पाडली, तिथे टॉवर उभा आहे. आजोबा आणखी चिडतात, कडी काढायला धावतात. खालच्या मजल्यावरचा त्यांचा जुना सोबती आला, की तो गिरणी बंद पडल्याचं सांगत नाही आणि चालू आहे असंही म्हणत नाही. तो विचारतो, ‘आज किती साचे दिलेत तुला?’ आजोबा सांगू लागतात. धागा तुटला की काय करायचं, जॉबर, म्हणजे मुकादम, कसा होता, खात्यात आवाज एवढा की हातवाऱ्यांनीच बोलायचं. सांगता सांगता बसतात. चहा होतो. दुपारनंतर वाढणारी ही अस्वस्थता डिमेन्शियात फार जणांना होते. ती कशी उतरवावी हे एका निवृत्त कामगाराला कुणी न शिकवता कळलं, कारण त्याने सोबत्याचं बोलणं चूक ठरवायचं नाकारलं.

एका ठिकाणी मात्र मी खरेपणाचा आग्रह सोडणार नाही. तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून सांभाळून घेणं वेगळं आणि आपल्या सोयीसाठी फसवणं वेगळं. मुंबईत जागेच्या किमतीमुळे हा फरक फार मोठा आहे. रिडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर, बक्षीसपत्रावर, बँकेच्या फॉर्मवर ‘इथे सही कर, पेन्शनचं आहे’ म्हणून सही घेणारे नातेवाईक असतात, आणि तेच पुढे सांगतात की तिला काही कळत नाही. जाणारी-येणारी माणसं असली की अशा गोष्टी लपून राहत नाहीत. भेटीला जाण्याचं हेही एक कारण आहे.

‘मला त्यांना असं बघवत नाही, मला ते जसे होते तसेच आठवू देत,’ असं म्हणणारे खूप भेटतात. हे दुःख खोटं नाही. ज्या मामांनी इंग्रजी व्याकरण शिकवलं ते बनियनची बटणं शोधत बसलेले बघणं सोपं नसतं. पण या वाक्यात जपलं जातं ते आपलं मन. मामा अजून आहेत, कांदिवलीच्या त्या खोलीत बसलेले आहेत, त्यांना आजची दुपार काढायची आहे. आपण ते जाण्याआधीच त्यांना भूतकाळात जमा करतो, आणि जो गेलेला नाही त्याच्यासाठी सुतक पाळतो. दुसरी अडचण जास्त खरी आहे. काही जण पाहुणे आले की बिथरतात, शिव्या देतात, बांगड्या चोरल्याचा आळ घेतात. त्या वेळी कमी वेळ जावं, एकट्याने जावं, सकाळी आंघोळ-नाश्ता झाल्यावर जावं. आळ घेतला तर सफाई देत बसू नये, बांगड्या शोधायला लागावं. आणि एखाद्या दिवशी दारातूनच परतावं लागलं तर परतावं. आजार वाईट आहे आणि प्रत्येक भेट गोड होणार नाही.

मुंबईत राहणाऱ्याला मी अंतर शिकवायला नको. विरारचा माणूस मुलुंडच्या आत्याकडे रविवारी निघाला, तर मेगाब्लॉक बघून निघावं लागतं आणि दिवस जातो. आठवडाभर लोकलला लोंबकळून आलेल्याला त्या रविवारी झोप हवी असते. ही अडचण मी खरी मानते. पण या शहराने भेट अवघड केली ती निव्वळ अंतरामुळे नव्हे.

चाळीत भेट हा वेगळा कार्यक्रम नव्हता. गॅलरीतून जाणारा माणूस उघड्या दारातून डोकावायचा, ‘काय आजी, जेवलात?’ एवढं विचारून पुढे जायचा. दिवसातून अशा पंधरा भेटी व्हायच्या. चाळीचं सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. तिथेच पोरं अशा म्हाताऱ्या माणसाला ‘येडी’ म्हणून चिडवायची, आणि सार्वजनिक संडासात रात्री म्हातारीला नेणाऱ्या सुनेचे हाल काय होते ते तिलाच माहीत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली १६० चौरस फुटांची खोली सोडून पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्याला आनंद व्हावा हे योग्यच आहे. मात्र ज्याच्या डोक्यात पत्ता फक्त जुन्या खोलीचा शिल्लक आहे, त्याचं काय होतं याचा विचार कुठल्याच योजनेत नसतो. आधी काही वर्षं भाड्याच्या घरात, मग बाविसाव्या मजल्यावर. न्हाणीघर कुठे, दार कुठे, खालचा आवाज का येत नाही? स्वतःच्या नव्या घरात बसून आजी ‘मला घरी सोडा’ म्हणत राहतात. ‘अहो, हेच तुमचं घर’ म्हणून उपयोग नसतो. ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचारलं की त्या सांगू लागतात. अशा वेळी जुन्या चाळीतली शेजारीण वर आली, तर त्यांना कुठलं तरी ओळखीचं दार उघडल्यासारखं होतं. टॉवरमध्ये ती शेजारीण पोहोचेपर्यंत मात्र गेटवर नोंद, इंटरकॉम, लिफ्टचं कार्ड. सत्तरीची बाई एकदा येते, पुन्हा येत नाही.

भाषेचंही तसंच होतं. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी गळते आणि आईची भाषा मागे उरते. परळमध्ये साठ वर्षं काढलेल्या मालवणच्या आजी एक दिवस निव्वळ मालवणीत बोलायला लागतात. नातवंडं इंग्रजी शाळेतली, ब्युरोची बाई हिंदी बोलणारी. घरात कुणालाच त्यांचं बोलणं धड कळत नाही आणि ‘बडबडतात’ असं ठरतं. गावाकडचं कुणी येऊन ‘काय गो, बरा मां?’ एवढंच म्हणालं, तरी त्यांचा चेहरा बदलतो. असा माणूस आपल्या ओळखीत असेल तर त्याला शोधून, रिक्षाचे पैसे देऊन घेऊन जावं. औषधांवर आपण त्याहून जास्त खर्च करतो.

आणि भेट होते ती एका माणसाशी नाही. दार उघडणारी जी असते, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. बहुतेक घरांत ती सून, मुलगी किंवा बायको असते. रात्री चार वेळा उठलेली, कित्येक महिन्यांत नाटकाला न गेलेली, नोकरी सोडलेली. पाहुणे तिच्याकडून चहा-पोह्यांची अपेक्षा करतात, वर ‘बारीक झाल्यात हो आई’ असं सुनावून जातात. अशी भेट न झालेली बरी. जाताना डबा न्यावा. पोचल्यावर तिला सांगावं, ‘आता दोन तास मी आहे, तू बाहेर जा.’ आणि ती खरोखर बाहेर पडेल याची खात्री करावी. ती डॉक्टरकडे जाईल, बँकेत जाईल, नाहीतर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नुसती बसेल. गौरी-गणपतीत तीस माणसं एकाच दुपारी येऊन गोंगाट करतात आणि मग अनंत चतुर्दशीपासून दिवाळीपर्यंत कुणी फिरकत नाही. त्यापेक्षा चुलत-मावस सगळ्यांनी मिळून महिन्याचे दिवस वाटून घेतले तर तिच्या आयुष्यात फरक पडेल. दूर असलेल्यांनी व्हिडिओ कॉल करावा, पण पडद्यावरचा चेहरा पुष्कळदा त्यांना कळत नाही, घाबरवतो. अमेरिकेतल्या मुलाने इथल्या कुणाच्या तरी भेटीची सोय करणं जास्त कामाचं आहे.

आता सरकार आणि संस्थांकडे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाण्याची जबाबदारी मुलांवर टाकतो आणि वृद्धाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतो. भेटीबद्दल त्यात काही नाही. चीनने १ जुलै २०१३ पासून वेगळं राहणाऱ्या मुलांनी आई-वडिलांना वरचेवर भेटावं असं कायद्यातच घातलं. मला तो रस्ता नको. धाकाने आलेला मुलगा घड्याळाकडे बघत बसेल आणि त्याचा तो ताण आईला नक्की कळेल. पण ज्यांना यायचं आहे त्यांच्या वाटेतले अडथळे काढणं सरकारच्या, महापालिकेच्या हातात आहे.

सगळ्यात मोठा अडथळा हॉस्पिटलचा. आमच्या नात्यातल्या एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना खाजगी हॉस्पिटलात ठेवलं. आयसीयूत भेटीची वेळ सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं. आत नळ्या, यंत्रांचे आवाज, रात्रंदिवस तोच उजेड, ओळखीचा एकही चेहरा नाही. त्यांनी सलाईन ओढून काढलं. मग त्यांचे दोन्ही हात खाटेला बांधले आणि घरच्यांना सांगितलं की पेशंट सहकार्य करत नाही. मुलगी दाराबाहेर बाकावर बसून होती. तिला आत बसू दिलं असतं तर हात बांधावे लागले नसते, असं मला आजही वाटतं. घरी परतल्यावर त्या पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि बोलल्याही नाहीत. ब्रिटनमध्ये असंच घडलं होतं. लेखिका निक्की जेरार्ड यांचे डिमेन्शिया असलेले वडील जॉन हॉस्पिटलात गेले, भेटींवर निर्बंध होते, आणि बाहेर आले तेव्हा पार खचलेले होते. निक्की जेरार्ड आणि त्यांच्या मैत्रीण जुलिया जोन्स यांनी २०१४ मध्ये वडिलांच्या नावाने मोहीम सुरू केली. मागणी एकच होती, डिमेन्शियाच्या रुग्णाजवळ त्याच्या माणसाला भेटीच्या वेळेबाहेरही थांबता यावं. तिथल्या शेकडो हॉस्पिटलांनी ती मान्य केली. मुंबईत ही मागणी करायला काय हरकत आहे? लहान मूल दाखल झालं तर आईला कुणी बाहेर बसवत नाही. महापालिका आणि राज्य सरकारने एका ओळीचा नियम करावा, रुग्णाला डिमेन्शिया असेल तर त्याचं एक माणूस चोवीस तास सोबत राहील, आयसीयूतही. मास्क, गाऊन, हात धुणं, जे सांगाल ते पाळू.

ज्येष्ठ नागरिक संघ आपल्याकडे वॉर्डावॉर्डात आहेत. वाढदिवस होतात, सहली निघतात. सभासद विसरायला लागला की त्याचं येणं थांबतं आणि काही दिवसांनी कुणी चौकशी करत नाही. पंधरा वर्षं एका बाकावर बसलेल्या चौघांनी पाळीपाळीने घरी जाऊन त्याला अर्धा तास कट्ट्यावर आणलं, तर यासाठी कुठल्याही अनुदानाची गरज नाही. जपानने २००५ पासून साध्या नागरिकांना दीड तासाचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. दुकानदार, बँकेतले कर्मचारी, शाळेतली मुलं, सगळ्यांना डिमेन्शिया म्हणजे काय आणि अशा माणसाशी कसं बोलावं ते शिकवलं, मनगटावर नारिंगी पट्टा दिला. अशा लोकांची संख्या एक कोटीच्या वर गेली. आपल्याकडे १९९२ मध्ये केरळात सुरू झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया हे काम करते, १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण घराच्या सगळ्यात जवळ असलेली यंत्रणा म्हणजे आपली हाउसिंग सोसायटी, आणि तिला या विषयाचा पत्ता नसतो.

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. राज्यातल्या सोसायट्यांना वार्षिक सर्वसाधारण सभाही ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदाच्या सभेच्या विषयपत्रिकेवर गळती, पार्किंग आणि सिंकिंग फंडाच्या खाली एक विषय वाढवा. ज्या घरांची हरकत नाही त्या घरांतल्या डिमेन्शियाच्या माणसांची नावं वॉचमनला आणि लिफ्टमनला माहीत असावीत, ती एकटी गेटबाहेर निघाली तर हात धरून ओढू नये, सोबत चालत राहून घरी फोन करावा. त्यांना भेटायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गेटवर ताटकळत ठेवू नये, खुर्ची द्यावी, वर सोडायला कुणी जावं. आणि मजल्यावरच्या घरांनी आठवड्यातली एकेक दुपार वाटून घ्यावी. सचिवांना हा विषय सभेच्या पुरेसा आधी लेखी द्यायला हवा, म्हणून ऑगस्ट संपायच्या आत पत्र द्या.